शिबिरातल्या भुताच्या नाटकाचं परीक्षण कसं लिहायचं (पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी)

मे संपत आला की नाट्यशिबिरांच्या समारोपाचे प्रयोग लागायला लागतात. सकाळी साडेदहाचा शो, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी पुठ्ठ्याची झाडं धरून उभे असलेले बाबा लोक, आत आरशासमोर एकाच वेळी आठ मुलांची रंगभूषा, आणि या सगळ्यात एखादं तरी नाटक भुताचं असतंच. त्यातही हल्ली एक ठरलेला साचा झालाय, की मुलं सुट्टीत कॅम्पला जातात, पहिल्याच रात्री टेंटबाहेर काहीतरी हलतं, कॅम्पचा दादा म्हणतो काही नाहीये झोपा, आणि मग पुढचा तासभर धमाल. अशा नाटकाबद्दल कोणीतरी तुम्हाला लिहायला सांगितलंय, शाळेच्या अंकासाठी, लोकल पेपरसाठी किंवा तुमच्या स्वतःच्या पेजसाठी, आणि तुम्ही याआधी कधी लिहिलेलं नाही, असं धरून मी हे सांगतोय.

आधी नको काय ते बघून घ्या. 'चिमुकल्यांनी आपल्या निरागस अभिनयाने उपस्थितांची मने जिंकली.' हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल, आणि ते लिहायला नाटक बघायचीसुद्धा गरज नाही, घरी बसून लिहिता येतं. मुलांच्या नाटकाबद्दल लिहिताना सगळे असे एकदम मऊ होतात, त्यामुळे ज्या दिग्दर्शकाने महिनाभर उन्हात तालमी घेतल्या त्याला आपलं काय जमलं काय नाही हे कुणीच सांगत नाही, आणि ज्या मुलीने खरंच कमाल केली तिला पण तेच 'निरागस' मिळतं जे बाकी सगळ्यांना मिळालं. तुमचं काम एवढंच, की त्या तासाभरात स्टेजवर आणि हॉलमध्ये नक्की काय घडलं ते बघून सांगायचं.

जायच्या आधी

प्रयोग कुठल्या प्रकारचा आहे ते विचारून घ्या, कारण सगळ्यांना एकच मोजपट्टी लावून चालत नाही. शिबिराचा समारोप असेल तर पंचवीस-तीस मुलं असणार आणि प्रत्येकाला किमान दोन-चार वाक्यं मिळालीच पाहिजेत हा अलिखित नियम, कारण प्रत्येकाची आजी बघायला आलेली असते. स्पर्धेतलं असेल, म्हणजे सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा वगैरे, तर वेळेचं बंधन, परीक्षक, आणि तालमी चिक्कार झालेल्या. आणि तिकीट लावून चालणारं व्यावसायिक बालनाट्य असेल तर मोठे नट पण असतात आणि तिथे सवलत द्यायचं काही कारणच नाही. समारोपाच्या प्रयोगात गर्दी ही स्क्रिप्टची अडचण असतेच, तेव्हा 'पात्रं फार आहेत' असं लिहू नका, त्या गर्दीचं दिग्दर्शकाने काय केलं ते लिहा. तीस मुलं नुसती अर्धगोलात उभी करून एकेक जण पुढे येऊन वाक्य बोलून मागे गेला की समजायचं सुचलं नाही. तीच तीस मुलं अंधारात रातकिडे झाली, टेंट झाली, एकमेकांना चिकटून हलणारी झाडी झाली, तर ते लिहायलाच पाहिजे.

दुसरं, थोडी पूर्वपीठिका माहीत असू द्या, फार नाही, अर्ध्या तासात होतं. मराठी बालरंगभूमीचा एक रस्ता जातो सुधा करमरकरांकडून. १९५९ साली त्यांनी लिटल थिएटरतर्फे 'मधुमंजिरी' केलं आणि मुलांचं नाटक पण नीट नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा करून थाटात करायचं असतं हे दाखवलं. ते लिहिलं होतं रत्नाकर मतकरींनी, आणि पुढे मतकरींनीच 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' अशी नाटकं दिली, चेटकिणी, राक्षस, जादू सगळं. गंमत म्हणजे हेच मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहून झोप उडवायचे, म्हणजे घाबरवणं आणि हसवणं दोन्ही एकाच हातचं. दुसरा रस्ता पुण्यातून जातो, १९८६ पासून मोहन आगाशेंनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत इकडे आणली तो. त्यात परी नाही, राक्षस नाही, घरातले, शाळेतले, गल्लीतले खरे प्रश्न, आणि मुलांच्या भूमिका मोठे नट करतात.

कॅम्पमधल्या भुताच्या कॉमेडीचा एक पाय पहिल्या रस्त्यावर असतो आणि दुसरा दुसऱ्या. मुलं अगदी आजची असतात, मोबाइल काढून घेतला म्हणून वैतागलेली, पहिल्यांदा आईशिवाय झोपणारी, ग्रुपमध्ये कोणी घेत नाही म्हणून कोपऱ्यात बसलेली, आणि भूत येतं मात्र थेट चेटकिणीच्या घराण्यातून. हे दोन्ही एकमेकांना चिकटतात का, की मुलांचं नाटक वेगळं आणि भुताचं वेगळं असे दोन तुकडे पडतात, हा प्रश्न मनात घेऊन हॉलमध्ये बसा. माझ्या मते निम्मं परीक्षण या एकाच प्रश्नात आहे.

भूत कुठलं आहे ते बघा

हे वेगळं सांगतोय कारण याकडे कोणी बघतच नाही. शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी, तलावाकाठची केबिन, शिट्टी घातलेला कॅम्प काउन्सेलर, हा सगळा संसार मुळात अमेरिकेतल्या समर कॅम्पचा. तिकडे मुलं आठवडेच्या आठवडे घरापासून लांब राहतात, त्यामुळे घरची आठवण, रात्रीची भीती आणि वरच्या वयाच्या मुलांनी केलेली मस्करी यातून त्या गोष्टी आपोआप तयार होतात. आपल्याकडचा कॅम्प बहुतेक वेळा चार-पाच दिवसांचा, पानशेत नाहीतर मुळशीकडे कुठेतरी, आणि तिसऱ्या दिवशी पेरेंट्स भेटायला हजर. तेव्हा बाहेरची स्क्रिप्ट घेऊन नुसती नावं बदलली असतील तर ते लगेच कळतं, पांढरी चादर घातलेलं 'हूऽऽ' करणारं भूत मुळशीला काय करतंय हे कुणालाच माहीत नसतं, लेखकाला पण नाही.

आणि आपल्याकडे भुतांचा तुटवडा आहे असं थोडंच आहे! मुंजाचं उदाहरण घ्या. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, राहायला पिंपळावर. म्हणजे हे भूत स्वतःच लहान मुलगा आहे! कॅम्पमधल्या मुलांच्या वयाचा, खेळायला गडी शोधणारा, आणि शंभर वर्षं कोणी टीममध्ये घेतलेलं नाही. ज्या लेखकाला हे सुचलं त्याचं अर्धं नाटक तयार आहे. किंवा चकवा घ्या, रात्रभर चालायचं आणि पहाटे त्याच झाडाशी यायचं. स्टेजवर हे करायला काही खर्च नाही, मुलं उजव्या विंगेतून बाहेर जातात, डाव्या विंगेतून परत येतात, तेच झाड, तीच खाली पडलेली पाण्याची बाटली, आणि चौथ्या फेरीला हॉल नुसता हसतो. तळकोकणात आणि गोव्यात देवचार तर वाट चुकलेल्याला सुखरूप घरी पोचवतो असं मानतात, म्हणजे कॅम्पच्या वॉचमनपेक्षा जास्त उपयोगी.

मी असं म्हणत नाहीये की चादरवालं भूत चालणारच नाही. चालतं, पण मग त्याची पण चेष्टा झाली पाहिजे. तुम्ही परीक्षणात एवढंच नोंदवा, की हे भूत याच जागेचं वाटलं का, त्याला काय हवं होतं, आणि ते याच मुलांना का दिसलं. या तीनचं उत्तर नाटकात नसेल तर ते लेखनाचं कच्चं काम, मग मुलांनी कितीही जीव ओतलेला असो.

हॉलमध्ये कुठे बसायचं, काय टिपायचं

आयोजक पहिल्या रांगेत बसवायला बघतील. नको म्हणा. मधली रांग, कडेची खुर्ची, आणि आजूबाजूला मुलं असतील असं बघा, कारण तुम्हाला स्टेज आणि प्रेक्षक दोन्ही बघायचेत. तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी पोचा, पात्रपरिचयाचा कागद मिळवा, आणि मुख्य म्हणजे विचारा की आज कुठली बॅच आहे. शिबिरांत बऱ्याचदा एकाच भूमिकेत दोन बॅचची दोन मुलं असतात, कागदावर दोन्ही नावं असतात, आणि तुम्ही कौतुक एकीचं करता आणि नाव छापता दुसरीचं. त्या घरात मग काय होतं ते मी सांगायला नको.

मोबाइलवर नोट्स काढू नका, अंधारात तो उजेड मागच्या तीन रांगांना लागतो आणि ब्लॅकआऊटचं, म्हणजे सीन बदलताना स्टेजवर करतात त्या पूर्ण अंधाराचं, वाटोळं होतं. छोटी वही, जाड पेन, मोठं अक्षर, एका पानावर दोन-तीनच ओळी, म्हणजे न बघता लिहिलेलं नंतर वाचता येतं. पूर्ण वाक्यं लिहीत बसू नका, खूण पुरे: 'बिस्किट, हशा, थांबली' एवढ्यावर घरी सगळं आठवतं.

टिपायचं काय? टाळ्या सोडून सगळं. समारोपाच्या प्रयोगातल्या टाळ्या आईबाबांच्या असतात, आपलं पोरगं एन्ट्रीला आलं की टाळी, वाक्य विसरलं तरी टाळी, त्यावरून काही कळत नाही. मुलांकडे बघा. मुलं शिष्टाचार म्हणून हसत नाहीत. पहिला खरा हशा किती मिनिटांनी आला, पहिली किंकाळी कधी, कुठल्या सीनला सगळा हॉल पुढे झुकला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शू-शूची लाट कधी आली. हसू नका, एका वेळी दहा मुलांना पाणी प्यायचंय आणि बाथरूमला जायचंय तर तो सीन पडला, लिहून ठेवा कुठला होता. बहुतेक वेळा कॅम्पचे सर एकट्याने लांबलचक पूर्वकथा सांगत असतात तोच असतो.

मुलं स्टेजवरच्यांना ओरडून सांगायला लागली, 'अरे मागे बघ मागे!', तर ते गोंधळ म्हणून लिहू नका, तेच तर हवंय. ब्रिटनमधल्या ख्रिसमसच्या पँटोमाइममध्ये (हे मूकनाट्य नाही, घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचं धमाल विनोदी नाटक असतं) असं ओरडणं हा प्रयोगाचाच भाग धरलेला असतो. नट त्यावर काय करतो ते बघा: घाबरून पाठांतर पुढे दामटतो, की थांबून 'कुठे? कुठेय?' म्हणत चुकीच्या बाजूला वळतो. दुसरं करणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा दिसला तर त्याचं नाव वहीत लिहा, खाली रेघ मारा.

भीती आणि हशा यांचं टायमिंग

अशा नाटकाचा कणा हाच आहे म्हणून इथे जरा थांबूया. समजा सीन असा आहे: रात्र, टेंटबाहेर तीन मुलं ओळीत बसलीत, बिस्किटचा पुडा हातोहात जातोय. चौथा येऊन शेजारी बसतो, तो भूत. हॉलला दिसतो, त्या तिघांना नाही. पुडा पहिल्याकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, आणि तिसरी मुलगी न बघता पुढे करते, चौथा हात एक बिस्किट काढतो आणि पुडा परत देतो. ती म्हणते 'थँक्यू'. दोन क्षण काही नाही. मग तिच्या डोक्यात हिशोब सुरू होतो, आपण तिघंच होतो ना.

आता यात सगळी मजा त्या दोन क्षणांत आहे. मुलगी एक क्षण आधी भुताकडे बघून गेली की गेलं, हॉलला कळतं की हिला माहितीये. फार वेळ लावला तर हशा येऊन विझतो आणि किंकाळी कोरडी पडते. आणि भुताने मध्येच हातवारे करून हशा मागितला तर सगळंच फुकट, भुताने अगदी सभ्यपणे बिस्किट खायचं असतं. हे जमलेलं असेल तर परीक्षणात 'टायमिंग उत्तम' असं लिहू नका, सीन सांगा, बिस्किट सांगा, थँक्यू सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

अजून एक बघायचं, हशा आल्यावर नट थांबतात का. नवीन मुलं थांबत नाहीत, हशात पुढचं वाक्य बोलून मोकळी होतात आणि ते वाक्य कुणालाच ऐकू जात नाही, आणि पुढचा पंच, म्हणजे विनोदाचं नेमकं हसवणारं वाक्य, त्याच वाक्यावर उभा असतो. तालमीत हसायला कोणी नसतं त्यामुळे ही सवय लावणं अवघड आहे, मान्य, पण चांगला दिग्दर्शक तालमीत दुसऱ्या ग्रुपला समोर बसवतो. थांबतात कसे ते पण बघा. काही जण पुतळ्यासारखे गोठतात, हशा संपेपर्यंत, आणि मग बटण दाबल्यासारखे चालू. काही जण थांबतात पण थांबल्याचं दिसत नाही, बूट चाचपतात, टॉर्च आपटून बघतात. फरक प्रचंड आहे.

भीती पण खरी पाहिजे हं. 'लहान मुलं आहेत, घाबरवू नका' म्हणून भूत पहिल्यापासूनच बावळट केलं की हसायला काही उरत नाही, कारण मोकळं हसू यायला आधी जरा श्वास अडकायला लागतो. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण बघा ना, जुन्या प्रयोगात दिलीप प्रभावळकर, २०१८ साली चिन्मय मांडलेकरने नव्याने बसवलं तेव्हा वैभव मांगले, दोन्ही वेळी पुरुष नट, दोन्ही वेळी नाव गाजलं चेटकिणीचंच. एकाच पात्राची भीती पण वाटायची आणि ती परत कधी येते याची वाट पण बघायची, मुलांना हेच पाहिजे असतं.

प्रकाश, आवाज, धूर

इथे थोडी तांत्रिक माहिती असली की परीक्षण एकदम भारदस्त होतं, आणि ती फार लागत नाही.

रात्र दाखवायला निळा प्रकाश सगळेच टाकतात, प्रश्न एवढाच की त्यात मुलांचे चेहरे दिसतात का. कॉमेडीत चेहरा दिसलाच पाहिजे. हनुवटीखाली टॉर्च धरला की चेहरा भुतासारखा दिसतो कारण उजेड खालून येतो आणि सावल्या उलट्या पडतात, ही युक्ती फुकटची आहे आणि शेकोटीच्या सीनला झकास बसते, वापरली असेल तर नोंदवा.

धुराचे दोन प्रकार. स्मोक मशीनचा धूर वर चढतो, पसरतो, आणि पहिल्या चार रांगांना खोकला लावतो. ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, उणे ७८ डिग्रीच्या आसपासचा, तो थंड आणि जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत राहतो, तलावावरचं धुकं दाखवायचं तर तोच. पहिल्या प्रकाराने तलाव दाखवायला गेलात की तलावाला आग लागल्यासारखं दिसतं. स्ट्रोब लाइट, तो झपाझप उघडझाप करणारा, वापरणार असतील तर प्रयोगाआधी अनाउन्समेंट झाली का बघा, काही जणांना त्याने फिट येऊ शकते, आणि नसेल झाली तर हे परीक्षणात लिहायचंच, लाजायचं नाही.

ब्लॅकआऊट मोजा. मनातल्या मनात एक, दोन, तीन. पाचच्या आत उजेड आला तर ठीक, त्यापुढे गेलं की एखादं पिल्लू रडायला लागतं, दुसरं 'आई लाइट गेले का' विचारतं, आणि मघाशी कष्टाने तयार झालेली भीती संपली. टेंट काढून शेकोटी ठेवायला एवढा वेळ लागत असेल तर नेपथ्य जास्त झालंय असं समजा. अंधारात पळणारे पांढरे स्पोर्ट्स शूज हा तर बालनाट्यातला राष्ट्रीय प्रश्न आहे.

आवाजाचं, मुलांचा आवाज मागच्या रांगेत पोचला का एवढं बघितलं तरी पुरे, मध्यंतरात मागे उभे राहिलेल्या कोणाला तरी विचारा.

स्क्रिप्टकडे बघताना

शेवट तीन प्रकारचे असतात. एक, भूत म्हणजे खरं तर मेसचे काका, किंवा जमीन बळकवायला आलेला कोणी. दोन, भूत खरंच होतं, आणि मित्र झालं. तीन, काका होते हे कळतं, सगळे हसतात, आणि काका समोर उभे असताना मागून परत तोच आवाज येतो. कुठलाही चालेल, पण नाटकाने आधी जे दाखवलंय त्याच्याशी जुळला पाहिजे. पाऊण तास भूत हवेत वस्तू उडवतंय आणि शेवटी काका निघाले, तर त्या वस्तू काकांनी कशा उडवल्या हे सांगा ना बाबा! आठ वर्षांची पोरं घरी जाताना रिक्षात हेच विचारतात.

मांत्रिक आला तर त्याचं काय केलंय ते बघा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि बऱ्याच शिक्षकांना भुताच्या नाटकाचीच धास्ती असते, की अंधश्रद्धा पसरते म्हणून. मला हे जरा जास्त वाटतं. मुलांना गोष्टीतलं भूत आणि खरं भूत यातला फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. पण स्टेजवर लिंबू-मिरची फिरवून खरंच कोणाचा ताप उतरला तर ते खटकतं, आणि खटकलं असं लिहा. मांत्रिकाची फजिती झाली तर उत्तम, ती विनोदी पण असते.

विनोद कशावर आहेत? जाड मुलगा सारखा खातोय, वऱ्हाडी बोलणारा स्वयंपाकी म्हणजे बावळट, मालवणी बोललं की हशा ठरलेलाच, बोबडं बोलणारी मुलगी. हे आळशी विनोद आहेत, आणि हसतात लोक, नाही असं नाही, पण स्टेजवरच्या त्या जाड मुलाला दीड महिना तालमीत तेच ऐकायला लागलेलं असतं. याउलट कॅम्पमध्येच किती विनोद पडलेत: पोहे चौथ्या दिवशी पण, ओला टॉवेल, झिप अडकलेला टेंट, रेंज मिळावी म्हणून दगडावर चढून हात वर केलेला दादा. लेखकाने यातले उचलले असतील तर तो कॅम्पला जाऊन आलाय.

आणि तो बोध. भूत जाता जाता वळून सांगतं, 'मुलांनो, झाडे लावा, मोबाइल कमी वापरा.' कोणी सांगितलंय हे घालायला? तासभर जे भूत मस्त वागत होतं त्याचे एका क्षणात मुख्याध्यापक होतात. असं असेल तर सरळ लिहा की शेवटची तीन मिनिटं कापता येतील.

आता लिहायला बसा

त्याच रात्री बसा, दुसऱ्या दिवशी सगळं गुळगुळीत होतं. पाचशे ते सातशे शब्द भरपूर झाले. सुरुवात आयोजकांच्या नावांनी आणि दीपप्रज्वलनाने करू नका, एका सीनने करा, तुम्हाला घरी येईपर्यंत आठवत राहिला तो. मग गोष्ट दोन-तीन वाक्यांत, आणि तिथेच थांबा, भूत कोण ते सांगायचं नाही, पुढचा प्रयोग बघायला येणारी मुलं आहेत. मग तुमचं मत, कारणासकट. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, संगीत करणाऱ्यांची नावं मध्ये विखरून येऊ द्या, शेवटी यादी लावली की ती कोणी वाचत नाही. नाटक कशावर तरी आधारित असेल, भाषांतर असेल, तर मूळ लेखकाचं नाव पण यायला पाहिजे, कागदावर नसेल तर विचारून घ्या.

मुलांबद्दल लिहायचा माझा नियम सोपा आहे: कौतुक नावासकट, तक्रार मोठ्यांच्या खात्यावर. एखादा मुलगा अडखळला तर त्याचं नाव घेऊन ते छापायचं नाही, नववीत गेल्यावर पण ते इंटरनेटवर सापडतं. त्या मुलाला एवढं लांब भाषण दिलं कोणी, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर लेखक-दिग्दर्शकाकडे आहे. कौतुक पण नेमकं करा. 'भुताची भूमिका करणाऱ्या मुलीने छान काम केलं' यातून तिला काहीच मिळत नाही. 'तिचं भूत जमिनीवर पूर्ण पाऊल टेकतच नाही, पूर्ण नाटकभर चवड्यांवर चालतं, आणि टेंटमधल्या मुलाने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली तेव्हा टाचा खाली येतात' हे लिहिलंत तर तिला कळेल की कोणीतरी बघितलं. ही कल्पना तिची की दिग्दर्शकाची हे प्रयोगानंतर जाऊन विचारा, मुलं खरं सांगतात.

वयाबद्दल एक ओळ हवीच, आईबाप तीच शोधत येतात. 'सर्व वयोगटांसाठी' लिहू नका. तुमच्या जवळ बसलेली चार-पाच वर्षांची मुलं कुठल्या सीनला मांडीवर चढली ते सांगा, अंधार किती आहे, आवाज अचानक मोठा होतो का, आणि मग त्यांचं ते ठरवतील. स्टार देऊ नका, शिबिरातल्या मुलांना अडीच स्टार देऊन कोणाचं भलं झालंय?

भाचा-पुतणी नाटकात असेल, किंवा दिग्दर्शक तुमचा मित्र असेल, तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर लिहूच नका. फोटो टाकायचे तर आयोजकांना विचारून, मुलांचे चेहरे आहेत, त्यांच्या घरच्यांची परवानगी त्यांनी घेतलेली असते किंवा नसते.

टाकल्यावर फोन येणार हे धरून चला. नावातली वेलांटी चुकली असेल, बॅच चुकली असेल, तर लगेच दुरुस्त करा आणि खाली दुरुस्ती केल्याचं लिहा. 'आमच्या मुलीचा उल्लेखच नाही' असा फोन आला तर नीट बोला, तीस मुलांमधली तिसांची नावं परीक्षणात येत नाहीत एवढं सांगा. मत बदला म्हणून आलेल्या फोनवर मात्र मत बदलायचं नाही. दिग्दर्शकाचा फोन आला आणि तो चिडलेला असेल तर आधी ऐकून घ्या, तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट बऱ्याचदा तिथेच कळते, की आदल्या दिवशी मुख्य मुलगा कांजिण्यांनी पडला आणि झाडाचं काम करणाऱ्याला उभं केलं होतं.

जमलं तर दुसऱ्या बॅचचा प्रयोग पण बघून या. स्क्रिप्ट तीच, बिस्किटं तीच, आणि तरी हशा वेगळ्या ठिकाणी येतो. कुठे हलला तेवढं वहीत लिहून ठेवा, पुढच्या मेमध्ये त्याच दिग्दर्शकाचं नाटक बघायला जाल तेव्हा लागेल.